डायरेक्ट केलेला ब्रेकर

ब्रेकर सातव्यांदा पडला तेव्हा राजेश्वरीचे दोन्ही हात कणकेत होते. फ्रीजची घरघर थांबली, पंखा मंदावत गेला आणि बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "काय लावलंस गं आता?"

"काय न्हाय लावलं. कणीक मळतीय. कणकेला लाईट लागत न्हाय."

"मग पडला कसा?"

"तेच मी धा दिवस इचारतीय," ती म्हणाली आणि कणीक परातीत आपटली.

काटेवाडीच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला तिच्या नवऱ्याचा, संभाजीचा बंगला होता. चार वर्षांपूर्वी बांधलेला. वर गच्ची, गच्चीला स्टीलचं रेलिंग, मागं अकरा गाईंचा गोठा. जिन्याखाली विजेचा बोर्ड होता. त्यात छोट्या ब्रेकरांची एक रांग आणि कडेला एक मोठा ब्रेकर. घरचा, गोठ्याचा सगळा करंट त्या मोठ्यातून जायचा. छोटे कधी पडत नव्हते, पडायचा तो मोठाच. कधी खटका वर केला की लगेच बसायचा, कधी तासभर बसायचाच नाही.

पहिल्यांदा पडला तेव्हा राजेश्वरी वॉशिंग मशीन लावत होती. तेवढं पुरलं. सासू बनाबाईंनी तिथंच निकाल दिला, "आमच्या टायमाला धुणं हातानं व्हायचं. तवा न्हाय पडला कुठला ब्रेकर." राजेश्वरीनं मशीन बंद ठेवलं. पाच दिवस पिळून पिळून तिचे पंजे दुखायला लागले आणि त्या पाच दिवसांत ब्रेकर दोनदा पडला. मग दोष मिक्सरवर गेला, मग इस्त्रीवर, मग गिझरवर. घरात जे जे तिच्या हातात होतं त्या सगळ्यावर गेला. संभाजीच्या टीव्हीचं किंवा गोठ्यातल्या दूध काढायच्या मशीनचं नाव एकदाही कुणी घेतलं नाही. एका संध्याकाळी आठ वर्षांची श्रेया शाळेतून आली आणि सहज म्हणाली, "मम्मी, मी बाईंना सांगितलं, तुझ्यामुळं आमच्यात लाईट जाते म्हणून अभ्यास झाला नाही."

राजेश्वरीच्या कानशिलात रक्त चढलं. पोरीवर ती ओरडली नाही. पोर ऐकलेलंच बोलत होती. ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली. दुसऱ्यांदा ब्रेकर पडल्यापासून ती तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं वेळ लिहून ठेवत होती. सकाळी सव्वासात, संध्याकाळी सात, सकाळी सात वीस. त्या वेळांकडं बघता बघता तिच्या लक्षात आलं, की दर वेळी आधी तिनं पाण्याची मोटार लावलेली असायची. मोटार लावल्यावर लगेच नाही, दहा-पंधरा मिनिटांनी ब्रेकर पडायचा.

दुसऱ्या दिवशी सोपान आला तेव्हा तिनं हे त्याला सांगितलं. आसपासच्या वस्त्यांवर वायरिंगची कामं सोपानच करायचा. त्यानं मोटार उघडली, तपासली, परत बसवली.

"मोटार एक नंबर हाय, वहिनी."

"पण मोटार लावली की पडतो."

"मोटारीत फॉल्ट असता तर लावल्या लावल्या पडला असता. पंधरा मिन्टं थांबतोय व्हय?" सोपान संभाजीकडं बघून हसला. संभाजीही हसला. "ह्यो मोठा ब्रेकर लई नाजूक असतोय, दादा. कोरड्या घरात ठीक हाय. आपल्यात गोठा, पाणी, ओल. हितं हे चालायचं न्हाय. डायरेक्ट करून टाकतो."

"डायरेक्ट म्हंजी?" राजेश्वरीनं विचारलं.

"म्हंजी करंट ह्याच्यातनं जायचाच न्हाय, बाजूनं जाईल. परत पडायचं नाव घेणार न्हाय."

"अहो, पण तो पडतोय कशामुळं ते आधी बघा की. उगं का पडंल?"

"तुला लई कळतंय," संभाजी म्हणाला. "सोपान, कर डायरेक्ट."

सोपाननं पाच मिनिटांत वायरचे दोन तुकडे ब्रेकरच्या वरून खाली जोडले आणि बोर्डाचं झाकण लावलं. ब्रेकर दिसायला तसाच राहिला.

पुढचे चार दिवस लाईट एकदाही गेली नाही. बनाबाई येता-जाता म्हणायच्या, "बघ, कसं गप चाललंय आता. उगं डोकं खात हुतीस." राजेश्वरी मनात धुमसत राहायची. आपण चुकलो असू, असंही तिला मधूनच वाटायचं, आणि तसं वाटल्याचाच जास्त राग यायचा.

पाचव्या दिवशी श्रेया हात धुवायला गेली आणि ओल्या हातांनी तशीच परत आली.

"मम्मी, नळ चावतोय."

राजेश्वरीनं पायातली चप्पल काढली. ओल्या फरशीवर उभं राहून तिनं पंज्याची मागची बाजू नळाला लावली. बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या सरसरत गेल्या. तिनं हात झटकला आणि कपाटातला टेस्टर आणून नळाला टेकवला. आतला दिवा मंद, लालसर पेटला.

संभाजी गोठ्यातून आला तो पायात रबरी चप्पल घालून. तसाच न्हाणीत शिरला, नळ मुठीत धरला. "काय न्हाय. कुठाय करंट?"

"चप्पल काढा आणि धरा."

"आता तू मला शिकवणार?"

"टेस्टर पेटतोय, बघा."

"टेस्टर कशालाबी पेटतोय." तो हात पुसत बाहेर गेला.

तिनं सोपानला फोन केला. तो इंदापूरला एका मंगल कार्यालयाच्या कामावर होता. म्हणाला, सोमवारी येतो, तवर नळाला हात न लावता प्लास्टिकच्या मगानं पाणी घ्या. राजेश्वरीनं अंगणात प्लास्टिकचं पिंप भरून ठेवलं आणि नळाला हात लावायचा नाही असं श्रेयाला दोनदा बजावलं. बनाबाईंनाही सांगितलं.

"मला न्हाय चावला कधी नळ," बनाबाई म्हणाल्या.

तेव्हाच आपण मेन स्विच पाडायला हवा होता, हे राजेश्वरीला पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तिला सगळं कळलं होतं, तरी ती सोमवारची वाट बघत बसली.

रविवारी सकाळी बनाबाई अंघोळीला गेल्या. राजेश्वरीनं मोटार लावली होती. टाकी भरून वरून पाणी पडायला लागल्याचा आवाज आला तशी ती मोटार बंद करायला उठली, आणि न्हाणीतून एक आवाज आला. तो किंचाळल्याचा नव्हता. घशातल्या घशात कुणीतरी दाबून धरावं तसा होता. ती दारापर्यंत धावली. बनाबाईंची मूठ नळावर होती आणि सगळं अंग ताठ होऊन थरथरत होतं.

राजेश्वरीनं त्यांना हात लावला नाही. ती मागं वळली, जिन्याखाली धावली आणि मेन स्विच खाली ओढला. घर बंद पडलं आणि न्हाणीत बनाबाई धपकन पडल्याचा आवाज आला.

त्या शुद्धीवर होत्या. उजवं मनगट वेडंवाकडं झालं होतं. राजेश्वरीनं त्यांना लुगडं गुंडाळलं, पाठीमागून धरून बसवलं आणि नवऱ्याला अशी हाक मारली की गोठ्यातल्या गाई बिचकल्या.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? संभाजी पुढं होऊन म्हणाला, "न्हाणीत घसरली."

"घसरल्या न्हायत," राजेश्वरी म्हणाली. "करंट बसलाय. नळाला चिकटल्या होत्या. डॉक्टर, नुसता हात बघू नका, छातीची ईसीजीची पट्टी काढा."

संभाजीनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. तिनं तितकेच वटारून त्याच्याकडं बघितलं. कॉटवरून बनाबाई बारीक आवाजात म्हणाल्या, "मला नळानं धरलं हुतं."

छातीची पट्टी नीट आली. मनगटाला प्लास्टर घातलं. परत येताना काटेवाडीचा फाटा आला तसा संभाजी म्हणाला, "डॉक्टरफुडं ते सांगायची काय गरज होती?"

राजेश्वरी खिडकीबाहेर बघत राहिली. तोंड उघडलं असतं तर ती काय काय बोलली असती, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

घरी आल्या आल्या संभाजी जिन्याखाली निघाला. गाई हंबरत होत्या, दूध काढायचं राहिलं होतं. राजेश्वरी त्याच्या आधी तिथं पोचली आणि बोर्डाला पाठ लावून उभी राहिली.

"सरक. मशीन लावायचंय."

"हातानं काढा."

"अकरा गाई हातानं?"

"तुमच्या आईचा जीव जात होता. तुमाला गाईंची पडलीय!" तिचा आवाज चढला तो उतरेना. "मी दोन आठवडे सांगतीय. मशीन लावू नको म्हणाला, न्हाय लावलं. इस्त्री करू नको म्हणाला, न्हाय केली. पोरगी शाळेत माझं नाव सांगून आली. नळाला करंट हाय म्हणलं तर चप्पल घालून हात लावून दाखवता? तो ब्रेकर ओरडून सांगत होता की कायतरी गळतंय, तर तुमी त्याचंच तोंड बांधलं!"

"हळू बोल. शेजारी ऐकत्यात."

"ऐकू द्या. नीट सापडल्याशिवाय ह्या घरात लाईट येणार न्हाय. मला उचलून बाजूला ठेवायचं असंल तर ठेवा."

संभाजी दोन पावलं पुढं आला. आतल्या खोलीतून बनाबाई म्हणाल्या, "संभा, गाईंकडं जा."

तो गेला. जाताना त्यानं दारातली बादली लाथेनं उडवली.

राजेश्वरीनं तिथूनच मुबशिराला फोन लावला. बारावीपर्यंत दोघी बारामतीला एका बाकावर बसायच्या. पुढं मुबशिरानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला आणि आता वडिलांचं, इमामभाईंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान तीच बघायची. तासाभरात तिची स्कूटर अंगणात आली. तिनं बोर्डाचं झाकण काढलं, आतले वायरचे दोन तुकडे बघितले आणि एक शिवी गिळली.

"कुणी केलं हे?"

"सोपाननं. ह्यांनी सांगितलं म्हणून."

"राजी, घरात जेवढा करंट जातो तेवढाच परत यायला पाहिजे. थोडा जरी दुसरीकडं गळला, माणसाच्या अंगातनं गेला, तरी हा ब्रेकर डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. ह्याचं कामच ते. हा काढला म्हणजे घरातल्या माणसांना उघड्यावर टाकलं."

संभाजी दुधाच्या बादल्या ठेवून दारात येऊन उभा होता. त्याचे पंजे लाल झाले होते. त्याला हे ऐकू जावं अशाच आवाजात ती बोलली होती.

तिनं ते तुकडे काढले. सगळे छोटे ब्रेकर पाडले आणि मेन चालू करून एकेक वर करत गेली. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, गोठा, मोटार, जिना. सगळे बसले. मोठा ब्रेकर पडला नाही.

"बघा," संभाजी म्हणाला. "काय फॉल्ट न्हाय."

"मोटार लाव," राजेश्वरी मुबशिराला म्हणाली. "आणि टाकी भरूपर्यंत थांब."

त्या थांबल्या. सकाळी भरलेली टाकी गाईंना पाणी पाजून अर्धी झाली होती. आठ-नऊ मिनिटांनी गच्चीवर पाणी सांडायला लागलं आणि मोठा ब्रेकर खट्‌कन पडला.

"म्हंजी मोटारच!" संभाजी म्हणाला.

मुबशिरानं मोटारीचा छोटा ब्रेकर पाडला आणि मोठा वर केला. तो बसेना. मग तिनं बाकीचे एकेक पाडत पुन्हा बघितलं. जिन्याची लाईन पाडली तसा मोठा ब्रेकर गुमान बसला. जिन्याची वर केली की पडला. तिनं तीनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा ती संभाजीकडं बघत होती.

"मोटार नाही, दादा. मोटारीमुळं टाकी सांडते आणि ते पाणी कुठंतरी जातंय. जिन्याच्या लाईनवर वर गच्चीत काय जोडलंय?"

राजेश्वरीला एकदम आठवलं आणि ती जिना चढायला लागली.

पाडव्याला संभाजीनं गच्चीच्या रेलिंगवर, रस्त्याकडून दिसेल अशी, स्वतःच्या नावाची स्टीलची अक्षरं बसवली होती. अंधार पडला की ती निळी चमकायची. ड्रिल त्यानं स्वतःच मारलं होतं. सोपाननं जिन्याच्या दिव्यातून वायर काढून दिली होती, मध्ये बटणसुद्धा न ठेवता. त्यानंतर आठवड्यानं ब्रेकर पहिल्यांदा पडला होता.

टाकीतून सांडलेलं पाणी फरशीवरून वाहत रेलिंगच्या पायाशी साचलं होतं. तिथं रेलिंगच्या पाइपच्या कापलेल्या तोंडाला सुरीसारखी धार होती आणि त्या धारेवरून वाकवून नेलेली वायर तिथंच सोलली गेली होती. आतलं तांबं उघडं पडलं होतं आणि पाणी साचलं की करंट स्टीलमध्ये उतरायचा. तिथून हातभर अंतरावर, टाकीतून न्हाणीकडं उतरणारा लोखंडी पाइप त्याच रेलिंगला पट्टीनं आवळलेला होता.

मुबशिरानं बोटानं दाखवलं. वायर, रेलिंग, पट्टी, पाइप. "हितनं सरळ नळात."

राजेश्वरी बघत राहिली. पाच दिवस हातानं पिळलेले कपडे तिला आठवले. पोरीचं शाळेतलं वाक्य आठवलं. न्हाणीतला तो दाबलेला आवाज आठवला. हे सगळं ह्या अक्षरांपायी.

संभाजी मागून वर आला होता. त्यानं सोललेली वायर बघितली. मग घसा खाकरून म्हणाला, "झालं तर. सापडलं ना? वायर बदला, आणि खाली जरा रबर टाका. अक्षरं ऱ्हाऊ द्या."

"काय म्हणाला?" राजेश्वरीनं विचारलं.

"न्हाय, वायर नवी टाकली म्हंजी..."

"पाना आणा," ती म्हणाली. "आणि तुमच्या हातानं काढा. आत्ता. माझ्यासमोर."

"राजेश्वरी, परक्या माणसासमोर..."

"परकी माणसं बरी. त्यांनी एका तासात ऐकलं. तुमी पंधरा दिवसांत न्हाय ऐकलं. पाना आणा!"

त्यानं पाना आणला. पहिलं अक्षर निघायला वेळ लागला, कारण त्यानं नट फार घट्ट आवळले होते. त्याच्या मानेवर घाम आला. राजेश्वरी तिथून हलली नाही. शेवटचं अक्षर निघेपर्यंत ती उन्हात तशीच उभी होती.

एवढ्यात सोपान आला. संभाजीनंच मघाशी फोन करून बोलावलं होतं, बायका काय करतात ते बघायला. इंदापूरचं काम टाकून तो मोटारसायकलवर आला होता. खाली अंगणात मुबशिरानं ते वायरचे दोन तुकडे त्याच्यासमोर धरले.

"हे काय आहे?"

"लोकच म्हणत्यात डायरेक्ट करा," सोपान म्हणाला. "मी काय करू? न्हाय म्हणलं तर दुसऱ्याला बोलावत्यात."

"आणखी किती घरांत केलंय?" राजेश्वरीनं विचारलं.

सोपाननं संभाजीकडं बघितलं. संभाजी दुसरीकडं बघत होता.

"किती?"

"असतील... सात-आठ."

"नावं सांग."

"वहिनी, जाऊ द्या ना आता..."

"नावं सांग, न्हायतर तुझ्या घरी येऊन तुझ्या बायकोला इचारते की तुझ्या घरचा ब्रेकर कसा हाय. तो डायरेक्ट केलाय का?"

स्वतःच्या घरचा ब्रेकर त्यानं डायरेक्ट केलेला नव्हता. ते त्याच्या तोंडावरच दिसलं, आणि राजेश्वरीला वाटलं की आता आपला हात उठेल. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

त्यानं आठ नावं सांगितली. मुबशिरानं ती फोनमध्ये लिहून घेतली. राजेश्वरीनं चपला घातल्या.

"कुठं निघालीस?" संभाजीनं विचारलं. "गावभर शोभा करणार का आपली?"

"व्हय. गावभर."

"आपल्या घरातलं निस्तरलं ना? लोकांचं लोक बघतील."

"लोकांच्या घरात म्हाताऱ्या हायत. पोरं हायत."

आतून बनाबाई बाहेर आल्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, केस अजून सुटलेलेच. ओट्यावर बसून त्यांनी डाव्या हातानं चपला ओढून घेतल्या.

"आई, तू बस," संभाजी म्हणाला.

"ही सांगंल तर कोण ऐकणार हाय? तू न्हाय ऐकलंस, मी न्हाय ऐकलं," बनाबाई म्हणाल्या. त्या राजेश्वरीकडं बघत नव्हत्या. "सोपान, तू फुडं हो. घर दाखव."

पहिलं घर तात्याबांचं होतं, दोन शेतं सोडून. तात्याबा म्हणाले, आमचं नीट चाललंय, हात लावू नका. बनाबाईंनी त्यांना प्लास्टर दाखवलं आणि मधला एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं. लेकानं चप्पल घालून नळ धरला तेसुद्धा. तात्याबांची सून पदराला हात पुसत ऐकत होती. सासऱ्याला न विचारताच ती मुबशिराला बोर्डाकडं घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत आठांपैकी पाच घरांतले तुकडे निघाले. एका घराला कुलूप होतं. दोन ठिकाणी त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्यातल्या एकानं तर "बायका कधीपासून वायरमन झाल्या" असंही विचारलं. त्या पाचांतल्या एका घरात नळाला तसाच टेस्टर पेटला. तिथली पोरगी म्हणाली, "आमी तर रोज त्या नळाला शिवाशिवी खेळतो. मज्जा येते." मुबशिरानं आणि राजेश्वरीनं एकमेकींकडं बघितलं.

त्या दिवसापासून संभाजी बायकोशी बोलायचा बंद झाला. तीही बोलली नाही. त्याचं ताट वाढायची आणि निघून जायची. तिचा राग उतरला नव्हता आणि तो लवकर उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. परत पाठवलेल्या दोन घरांत ती एकटी पुन्हा गेली. त्यातल्या एकानं ऐकलं.

बनाबाईंनी सुनेला कधी म्हटलं नाही की तुझं बरोबर होतं. पण हाताची चौकशी करायला माणसं येत राहिली. चहा व्हायचा, संभाजी खुर्चीवर बसलेला असायचा, आणि कुणीतरी विचारायचं, कशा काय घसरलात, मावशी?

"घसरले न्हाय," बनाबाई म्हणायच्या. "करंट बसला. पोरानं ब्रेकर डायरेक्ट केला हुता."